वस्तादांचं नख

मोटरसायकलच्या गिअरबॉक्सचं ऑइल सील निघता निघेना, तेव्हा वस्तादांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सील काढताना शाफ्टला ओरखडा पाडणाऱ्याला ते मेकॅनिक मानतच नसत. आज मात्र त्यांचंच डोकं सटकलं. पेचकस खुपसून त्यांनी सील उपटलं आणि सवयीनं शाफ्टवर नख फिरवलं. नख अडकलं तर ओरखडा, म्हणजे नवं सील बसवलं तरी तेल गळणार. पण शुगरनं बोटं बधिर झालेली, काही कळेना. त्यांनी घरातून बायकोला बोलावलं.

"नख फिरव. अडकतंय का?"

तिचं नख अडकलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही हो. गुळगुळीत आहे."

वस्तादांनी नवं सील बसवलं.

सकाळी ते उठायच्या आत ती गाडीखालचं तेल पुसत होती.