पहिला घास चाख्याचा

पहिला घास चाख्याचा, हा त्या गाडीचा कायदाच होता. डोंगरावरच्या कुठल्याही घरी पाहुणे जेवायला उतरले की घरची बाई आधी एक वाटी त्याच्या हातात द्यायची. तो उभ्या उभ्याच वाटी नाकाखालून फिरवायचा, एक घास जिभेवर घोळवायचा आणि मान हलवायचा. मान खाली गेली की चमचे वाजायला लागायचे. आडवी हलली तर पातेलं मुकाट मागच्या दारी जायचं. कुणी रागवायचं नाही, की वाद घालायचं नाही. मिसरूड फुटल्यापासून तो ही गाडी हाकत होता. डोंगर आणि तळं दाखवायचं आणि वाटेतल्या घरांतलं खाऊ घालायचं, हा तिचा धंदा. सगळे त्याला चाख्याच म्हणायचे; आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त लायसनवर उरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. नाक जागेवर होतं, पण नुसतं शिंकरायला. खारट कळायचं, आंबट कळायचं, तिखट झोंबायचं, पण दूध ताजं आहे की नासकं, ते काही कळायचं नाही. घरी चुलीवर पातेलं जळून कोळसा झालं आणि हा शेजारी बसून दाढी करत होता, तेव्हा बायको धावत आली. "अहो, जिवंत आहात ना?" म्हणाली. तिला सांगावं लागलं. तिच्याखेरीज कुणाला नाही. नाक गेलेला चाख्या कोण ठेवून घेणार?

तेव्हापासून तो वाटीत बघायचाच नाही, वाढणारीच्या तोंडाकडे बघायचा. ती बिनघोर दिसली की मान खाली.

उतारावर मात्र तोंड कुणाचं बघणार? पूर्वी ब्रेकचे लायनर तापले की आधी त्याच्या नाकाला कळायचं, मग पायाला. आता तो वळणावळणावर गाडी थांबवायचा. "बघा, इथून तळं कसं दिसतं!" म्हणायचा आणि पाहुणे फोटो काढत असताना हळूच चाकाजवळ हात धरून बघायचा. गाडीच्या मालकाकडे तारीफ जायची, की तुमचा ड्रायव्हर काय हौसेने निसर्ग दाखवतो!

त्या दिवशी गाडीत नऊ पाहुणे होते. पुढच्या बाकावर एक बेकरीवाल्या बाई, जाडजूड, तोंडाने तिखट. दोन घरं खाऊन झाली होती. तिसरं घर सगळ्यांत उंचावर, तळ्याकाठी, चाख्याच्या सख्ख्या बहिणीचं. तिच्या हातच्या माशाच्या रश्शासाठी लोक चढण चढून यायचे.

पाहुणे अंगणातल्या बाकांवर बसले. ताईने वाटी आणून दिली. तिचं नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं.

"चार दिवस सर्दीने जीव खाल्लाय रे," ती हळूच म्हणाली. "त्यात कालपासून वीज नाही. बर्फाचं पाणी झालं. मला तर कशाचाच वास लागत नाही. म्हटलं, चाख्या येतोच आहे, नाक घरातलंच आहे."

ताईच्या तोंडाकडे बघावं, तर ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

त्याने घास घेतला. मीठ बरोबर. आंबट बरोबर. मासा जिभेवर विरघळला. शिजून मऊ झाला, की कालच मऊ पडला होता? त्याने दुसरा घास घेतला. दुसरा घास त्याने आजवर कधी घेतला नव्हता. ताईच्या कपाळावर आठी आली.

"चाख्याभाऊ, हलवा की मान," बेकरीवाल्या बाई ओरडल्या. "पोटात कावळे ओरडून ओरडून मेले!"

मान आडवी हलवावी, तर बहिणीच्या चुलीची बदनामी उद्या डोंगरभर. खाली घालावी, तर नऊ जणांची पोटं, आणि दवाखाना पार पायथ्याला. सवयीने हनुवटी खाली निघालीसुद्धा. बाईंनी चमचा उचलला.

"थांबा, मीच वाढतो," म्हणत त्याने पातेल्याला हात घातला, दोन पावलं टाकली आणि पातेलं सोडून दिलं.

रस्सा भस्सकन अंगणात सांडला. पाहुणे पाय वर घेऊन बसले.

"हात आहेत की फावडी?" ताई किंचाळली.

घरातलं मांजर कोपऱ्यातून आलं. त्याने एक तुकडा हुंगला. मांजराने तो तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मिशा पुसत बसलं. शिळ्या माशाला तोंड न लावणारं ते लाडावलेलं मांजर.

ताईने आधी मांजराकडे बघितलं, मग भावाकडे. दंडाला धरून त्याला मागच्या दारी नेलं.

"मासा चांगला होता. तुला कळलं कसं नाही?"

"ताई, माझं नाक मेलंय. तापापासून."

"मग इतके दिवस माझ्या रश्शाला मान हलवत होतास, ते काय बघून?"

"मीठ कळतं."

"मीठ माझ्या बकरीलाही कळतं!" ती एक दणदणीत शिंकली. "म्हणजे आज दोन नकटे मिळून नऊ जणांना जेवू घालत होतो. बरं." मग तिचा आवाज एकदम उतरला. "आणि उतारावर काय करतोस रे?"

चाख्याने खिशातली चावी चाचपली.

ताईने अंडी आणि बटाटे उकडून वेळ भागवली. त्यात उशीर झाला. तेवढ्यात मालकाचा फोन आला. खाली रस्त्याचं काम चाललंय, संध्याकाळी फाटक बंद करणार, आज फोटोबिटो नकोत, सरळ उतर. चाख्या चावी घेऊन गाडीकडे निघाला, तर ताई ड्रायव्हरच्या दाराला पाठ लावून उभी.

"आधी त्यांना सांग."

"पोटावर पाय येईल, ताई."

"येऊ दे. पोट आहे तर पाय येईल. दरीत गेलास तर काय येणार?"

मग तो गाडीत बसलेल्या पाहुण्यांपुढे उभा राहिला आणि त्याने नाकाचं, ब्रेकचं, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सकाळपासून आम्ही काय खाल्लं?" मागून एकाने घाबरत विचारलं.

"चांगलंच खाल्लंत. त्या दोन्ही घरच्या बायकांना सर्दी नव्हती."

कुणी हसलं नाही. बेकरीवाल्या बाई उठल्या आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर येऊन धपकन बसल्या. त्यांनी काच पूर्ण खाली केली.

"सगळा जन्म भट्टीपुढे गेलाय माझा," त्या म्हणाल्या. "जळायच्या आधीचा वास ओळखते. चला."

चाख्याने दुसरा गिअर टाकला. पहिलं वळण. दुसरं. एरवी तळ्याची तारीफ करायची ती जागा तशीच मागे गेली. बाईंनी डोकं खिडकीबाहेर काढलं होतं. "नाही," त्या म्हणत होत्या. "अजून नाही." रस्ता पुढे आणखी तोंड खाली घालत होता, आणि चाख्या ब्रेकवर पाय टेकवत होता आणि लगेच उचलत होता.

"नाही... थांबा. आला! आला हो!"

त्याने पहिला गिअर टाकला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला. उड्या मारून दोन पाहुणे उतरले आणि त्यांनी चाकांपुढे दगड लावले. पुढच्या चाकातून धुराची बारीक रेघ निघत होती. एकाने पाण्याची बाटली काढली.

"पाणी नको," चाख्या ओरडला. "तापलेलं लोखंड तडकेल. निवू दे आपोआप."

नऊ जण रस्त्याकडेच्या दगडांवर बसले. खाली तळं तांबूस झालं होतं. बघायला कुणी सांगितलं नाही, तरी सगळे तिकडेच बघत बसले. चाख्याच्या खिशातला फोन वाजला. मालक होता.

"कुठे आहेस? फाटक लावायला निघालेत!"

चाख्याने चाकाकडे बघितलं. धूर दिसत होता. वास नव्हता.

"लावू द्या, मालक," तो म्हणाला. "आम्ही गाडी निवल्याशिवाय हलत नाही. आणि आणखी एक सांगायचंय, जरा बसून ऐका."