ओव्हरकोटाचं बटण आणि विमानाची चाकं

टेलर मास्तरांची आणि त्या व्हीआर हेडसेटची पहिली भेट झाली तेव्हा दुकानातल्या एकूण सतरा वस्तूंनी जमिनीवर लोटांगण घातलं. त्यांत दोन हँगर, इस्त्री आणि खुद्द मास्तर. डोळ्यांवर तो डबा चढवल्यावर त्यांना समोर ढग दिसले. ढग बाजूला सारायला त्यांनी हात उगारला, तो थेट गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटात घुसला. बाहीच्या एका टोकाला मास्तर आणि दुसऱ्या टोकाला गुरुत्वाकर्षण, अशी जी झटापट झाली तिच्यात बाही हरली. मास्तर कात्रणांच्या ढिगात उताणे पडले होते, आणि डबा डोळ्यांवर तसाच ठेवून ओरडत होते, "अगं, मी वर आहे, वर!"

"दिसतंय," बायको म्हणाली. ती दुकानात काज-बटणाचं काम बघायची. "उतरा आता, कात्री पाठीखाली आहे."

हेडसेट मुलीने पाठवला होता. बाबांनी बसल्या जागी बागा बघाव्यात, समुद्र बघावा, असा तिचा प्रेमळ हिशेब. मास्तरांनी एकही बाग बघितली नाही. त्यांनी विमान बघितलं.

त्याला कारण होतं. लहानपणच्या तापाने त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. एकोणिसाव्या वर्षी ते विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात अर्ज घेऊन गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने टेप काढून पाय मोजला. "दीड इंच कमी. तुम्ही असं करा, खाली उभे राहा आणि वर जाणाऱ्यांना हात हलवा." पाय नाकारला याचं मास्तरांना वाईट वाटलंच, पण चाळीस वर्षं झोंबत राहिलं ते वेगळंच. "टेप ढिला धरला होता हो त्याने! सव्वा इंच आहे, सव्वा!"

तर आता मास्तर रोज दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, डब्यातल्या विमानाच्या खेळात, उडत. दोन्ही हातांत दोन कंट्रोलर. एक विमानाचा दांडा, दुसरा वेगाचा. मांडीवर कीबोर्ड. पण डोळ्यांवर डबा असला की कीबोर्ड दिसत नाही, आणि उतरताना चाकं बाहेर काढायला गेलं की भलतंच काहीतरी होतं. त्यावर जगातल्या कुठल्याही वैमानिकाला न सुचलेला इलाज मास्तरांनी केला. कीबोर्डला कापडाची खोळ शिवली आणि महत्त्वाच्या जागी बटणं टाकली. डावीकडे जीन्सचं पत्र्याचं बटण, ते दाबलं की इंजिन बंद. मध्ये ब्लाउजचा हूक, तो ब्रेक. उजवीकडे ओव्हरकोटाचं मोठं बटण, ती चाकं. बोट लावलं की कळायचं. बायको त्या सगळ्याला 'घोड्याची झापडं' म्हणायची.

इंटरनेटवर अशा घरबसल्या वैमानिकांचं एक मंडळ होतं. एक निवृत्त वैमानिक बाई त्यांची परीक्षा घ्यायच्या: उड्डाण, एक फेरी, आणि बाजूच्या जोरदार वाऱ्यात उतरणं. पास झालात तर सर्टिफिकेट, आणि तुम्ही मंडळाचे कप्तान. बाईंना पडद्यावर फक्त विमान दिसायचं आणि कानात आवाज यायचा. पाय कुणालाच दिसायचा नाही. मास्तरांना हे सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते दादासमोर हवं होतं. दादा म्हणजे थोरला भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी क्लबातून घरी येताना तोच म्हणाला होता, "छोट्या, कारकून बरोबर बोलला."

रविवारी सकाळी दादा खुर्ची टाकून बसला. "काय छोट्या, पट्टा बांधायचा का आम्ही?"

"बांध. तोंडाला बांध."

उड्डाण झालं. फेरी झाली. उतरायची वेळ आली, मास्तरांनी ओव्हरकोटाचं बटण दाबलं, आणि इंजिन बंद पडलं. विमान पोटावर घसरत धावपट्टीच्या टोकाशी थांबलं.

"मास्तर," कानात बाईंचा कोरडा आवाज आला, "चाकं विसरलात, वर इंजिनही बंद केलंत?"

मास्तरांनी डबा वर केला. खोळ स्वच्छ धुतलेली होती. बटणं डावीकडून उजवीकडे नीट लागलेली: आधी मोठं, मग मधलं, मग लहान.

"केवढी मळली होती," बायको म्हणाली. "परीक्षेला अशी घेऊन बसणार होता? आणि बटणांना काही क्रमच नव्हता, तो लावला."

दादा पोट धरून हसत होता. "हात हलव छोट्या, हात हलव!"

"नापास," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात नाही," मास्तर म्हणाले. "आत्ता."

"नियम आहे."

"बायकोने बटणं धुतली तर काय करायचं, ते तुमच्या नियमात आहे का?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "दहा मिनिटं."

बायकोने चष्मा चढवला. सर्रकन धागे उसवले, तोंडात सुई धरून मास्तरांकडून जागा विचारल्या आणि बटणं त्यांच्या वेड्या क्रमात परत टाकली. साडेचार मिनिटं. वर दादाला सुनावलं, "भाऊजी, उजेडातून सरका, नाहीतर तुम्हालाच टाकते टाका."

या वेळी वारा आणखी वाढला होता. विमान एका बाजूला ढकललं जात होतं. अशा वेळी वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा, आधी एकच चाक टेकवायचं आणि मग दुसरं. भलेभले इथे गडबडतात. मास्तरांना त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. एका बाजूला झुकून सरळ रेषेत जायचं, एक आधी टेकवायचं आणि दुसरं मागून. हे ते आयुष्यभर रोज घर ते दुकान करत आले होते. ओव्हरकोट. चाकं आली. एक टेकलं. दुसरं टेकलं. हूक.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "हे कुठे शिकलात?"

"रस्त्यावर," मास्तर म्हणाले. मग डबा न काढताच, जिथून मघाशी हसणं ऐकू आलं होतं त्या दिशेला तोंड करून म्हणाले, "दादा, तू खाली आहेस ना? मग हात हलव."

दादाने हलवला की नाही ते मास्तरांना दिसलं नाही. बायको म्हणते, जरासा हलवला.

सर्टिफिकेट दुकानाच्या ट्रायल रूममध्ये लावलंय, कारण तेवढीच भिंत रिकामी होती. गिऱ्हाइकांना ते शिवणकामाचं वाटतं. खऱ्या विमानात मास्तर आजवर एकदाच बसले, मुलीकडे जाताना. मधली सीट मिळाली. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी झडप खाली ओढली आणि ते झोपले.