एकोणपन्नास चौकटी

आमच्या ड्रॉइंगच्या सरांना माणसांचे चेहरे आवडत नसत. म्हणजे माणसं आवडायची, पण पाठमोरी. जळगाव जामोदच्या एसटी स्टँडवर ते हातात वही घेऊन बसायचे आणि तिकीट खिडकीशी उभ्या असलेल्या लोकांच्या पाठी काढायचे. धोतरवाल्या म्हाताऱ्याची पाठ, कडेवर पोर घेतलेल्या बाईची पाठ, अकोल्याची गाडी चुकलेल्या कारकुनाची पाठ. त्या कारकुनाची पाठ आमच्या वडिलांची होती, हे मी वही पाहताक्षणी ओळखलं. सर म्हणाले, "चेहरा कोणीबी काढते. चेहरा खोटं बोलते ना बे. पाठीले थे जमत नाही."

आणि आज मी पोट कशावर भरतो? चेहऱ्यांवर. पुण्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधोमध साहेब, खाली अंड्याएवढ्या गोलांत चाळीस शुभेच्छुक. शहरातल्या प्रत्येक चौकात माझी कला टांगलेली असते आणि दर पंधरवड्याला महापालिकेचे लोक ती काढून टेम्पोत टाकतात. इतक्या वर्षांत एकाही नेत्याने मला पाठ काढायला सांगितलेली नाही. सरांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांची यादी कुणी केलीच, तर माझं नाव त्यात नसावं, अशी माझीच इच्छा होती. ती इच्छा पुरी झाली नाही, ते शेवटी सांगतो.

सरांच्या वर्गात एक चित्र होतं. शाळेच्या मागच्या बाजूला, टिनाच्या छपराखाली आमचा ड्रॉइंगचा वर्ग भरायचा. उन्हाळ्यात रंग पाण्याआधी घामाने कालवले जायचे. तिथे फळ्याच्या शेजारी खिळ्याला ते चित्र लटकलेलं असायचं. त्या काळी रशियाहून गुळगुळीत कागदाची मासिकं यायची आणि ती वाचण्यापेक्षा पुस्तकांना कव्हरं घालायला जास्त कामी यायची. एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकावर सरांना हे चित्र दिसलं. त्यांनी पुस्तक ताब्यात घेतलं, कव्हर सोडवलं, स्वतः खाकी कागद आणून नवीन कव्हर घालून दिलं आणि चित्र इस्त्रीखाली ठेवून सरळ केलं. तरी घडीच्या दोन खुणा राहिल्याच. तेव्हापासून पोरं त्यांना रशियावाले सर म्हणायला लागली. रशियाचा आणि त्यांचा संबंध एवढाच.

चित्र असं होतं. घरातली बैठकीची खोली. दारातून एक माणूस आत आला आहे. दाढी वाढलेली, अंगावर मळका लांब कोट, पायांत धूळभरले बूट. राजाच्या विरोधात गेला म्हणून त्याला वर्षानुवर्षं बर्फाच्या मुलखात पाठवलं होतं, आणि आज तो कुणाला न कळवता घरी परतला आहे. दार धरून उभी असलेली मोलकरीण त्याच्याकडे संशयाने बघते आहे. बायको वाजवता वाजवता पेटीवरून वळली आहे. टेबलाशी बसलेला मुलगा हरखला आहे, आणि त्याच्या शेजारची लहानगी घाबरली आहे. आणि आपल्याकडे पाठ करून एक म्हातारी, त्याची आई, खुर्चीतून अर्धी उठलेली. तिचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. सरांचा सगळा जीव त्या म्हातारीच्या काळ्या पाठीत होता.

दर वर्षी नव्या पोरांना ते एकच प्रश्न विचारायचे. "ही बाई उठून राह्यली का बसून राह्यली?" मला विचारलं तेव्हा मी हुशारी केली. म्हटलं, "बसून राह्यली सर. सकाळपासूनचा चौथा पाहुणा असन." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी नेलं, एका खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "आता समज, तुही माय मेली असं तुले वाटत होतं अन् थे दारात आली. ऊठ." मी उठलो. "थांब तसाच. हात पाहा तुहा कुठं गेला." माझा हात खुर्चीच्या हातावर रोवलेला होता, बोटं पांढरी पडली होती. मग सगळ्यांनी चित्रातल्या म्हातारीचा हात पाहिला. त्या दिवशी मी ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं. पुढच्या सगळ्या नुकसानीचं मूळ हे.

दहावीच्या वर्षी गॅदरिंगमध्ये प्रदर्शन होतं. त्या चित्राची मोठी नक्कल मी करावी असं मीच सुचवलं, कारण दुसऱ्या कुणी ते सुचवलं नसतं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "सोमवारी वापस पाह्यजे. चौकटीनं कर." चित्र मोठं करायची ही जुनी पद्धत. मूळ चित्रावर चौकटी आखायच्या, मोठ्या कागदावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट बघून उतरवायची. ज्याला थोडी अक्कल आहे तो चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि चौकटी त्याच्यावर आखतो.

रविवारी ट्रेसिंग पेपरचं दुकान बंद होतं. मी वडिलांची कचेरीतली स्टीलची पट्टी घेतली, निळा बॉलपेन घेतला आणि भर दुपारी ओट्यावर बसून थेट चित्रावर रेघा मारायला लागलो. दीड-दीड इंचावर खुणा केल्या. सहा उभ्या, सहा आडव्या. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद होत होता. रेघा अशा सुरेख येत होत्या की मी प्रत्येक रेघेनंतर मान मागे घेऊन स्वतःचं कौतुक करत होतो. शेवटची रेघ झाली, मान मागे घेतली, आणि पहिल्यांदाच रेघांच्या मागचं चित्र दिसलं.

मग मी खोडरबर घेतलं. ते चालेना म्हणून थुंकी लावली. त्यानेही जमेना म्हणून आईच्या परातीतला कणकेचा गोळा घासला. त्या माणसाच्या गुडघ्याजवळ कागदाचा रंगच निघून आला आणि रुपयाएवढा पांढरा डाग पडला. आई म्हणाली, "काऊन रे, कणीक निळी कशी झाली?" त्या संध्याकाळी आमच्या घरी भात झाला.

सोमवारी सरांनी गुंडाळी सोडली. मी छातीवर हात बांधून उभा होतो. एक थोबाडीत बसेल, फार तर दोन, अशी मनाची तयारी करून आलो होतो. सरांनी चित्र खिडकीपाशी नेलं, पुष्कळ वेळ पाहिलं, परत आणलं आणि खिळ्याला अडकवलं. मला म्हणाले, "जागेवर बस." एवढंच. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "एवढ्या वर्षांनी जेलातून सुटला बिचारा, अन् पश्यानं पुन्हा जाळीत टाकला." सगळे हसले. पश्या म्हणजे मी. सरांनी मारलं असतं तर मी आजवर ते अभिमानाने सांगत फिरलो असतो. त्यांनी मारलं नाही, म्हणून मी ड्रॉइंगच्या वर्गाला जाणं बंद केलं. वर्ष संपलं, मी पुण्याला गेलो. चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा सूड पुरा झाला असं वाटलं. कुणी कुणावर उगवला ते मात्र कळलं नाही.

पुढे गावी यायचो तेव्हा सरांची गल्ली टाळायचो. किराणा आणायला उलटा वळसा घालून जायचो. असं तीसेक वर्षं चाललं. मागच्या एप्रिलमध्ये लग्नाला आलो तर एक वर्गमित्र म्हणाला, "सरांचे डोळे गेले. पोरगा अमरावतीले घेऊन जाऊन राह्यला कायमचे." हा माणूस आता गेला तर ते निळं जाळं माझ्या डोक्यावर जन्मभर राहणार, हे स्पष्ट दिसलं. माफी मागायलाच हवी होती.

पण मी साधेपणाने गेलो असतो तर मी कसला? दोन दिवस दाढी केली नाही. लांब तपकिरी जॅकेट घातलं. एप्रिलात, जळगाव जामोदला, दुपारी बारा वाजता. कल्पना अशी की मी दारात उभा राहीन, कुणी ओळखणार नाही, आणि मग एकदम ओळखतील; सरांना दिसत नाही, हे त्या भरात ध्यानातच आलं नाही. दार सरांच्या सुनेने उघडलं. मला घामाने निथळताना बघून म्हणाली, "मीटर पाहाले आले काय? थे मागच्या बाजूनं हाय."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. सर खुर्चीत बसले होते, दाराकडे पाठ करून. पाठ पार वाकली होती, बनियनमधून मणके मोजता येत होते. पण पाठ तीच. मी हाक मारली, "सर." आणि त्यांचा हात खुर्चीच्या हातावर रोवला गेला. बोटं पांढरी पडली. ते उठायला लागले. मी धावत पुढे गेलो, "बसा सर, बसा, माझ्यासाठी उठू नका."

"कोण हाय थो?" सर म्हणाले. "सरक बाजूले. मले मोरीत जायचं हाय."

परत आल्यावर त्यांनी मला चाचपून समोर बसवलं. मी नाव सांगितलं. आठवेना. वर्ष सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, चौथ्या पाहुण्याचा विनोद सांगितला. काही नाही. शेवटी म्हटलं, "सर, तुमच्या चित्रावर बॉलपेनने रेघा मारल्या, तो मी."

सर एकदम ताठ झाले. "थो तू काय!" मग म्हणाले, "शाळेत जाऊन आला काय?"

"नाही."

"मंग काय पाह्यलं तू जळगावात? पहिले जाऊन ये. छपराच्या मागची भिंत पाहा. चहा मंग."

शाळेच्या शिपायाने मला मागे नेलं. टिनाचं छप्पर गेलं होतं, भिंत होती. आणि भिंतभर ते चित्र होतं. फूट-दीड फुटाच्या चौकटींत, सात ओळी, ओळीत सात. प्रत्येक चौकटीत वेगळा हात होता. कोटाचा वरचा भाग तपकिरी, खालचा हिरवा. बायकोचं अर्धं तोंड मोठं, अर्धं लहान. लहानगी कुणीतरी आपल्या बहिणीसारखी काढली होती, दोन वेण्यांची. शिपाई म्हणाला, "सर दर वर्षी सात पोरं घेत. एकाले एक चौकट. सात वर्षं चाललं." गंमत म्हणजे तोंडं जुळत नव्हती, पण खुर्चीची कड एका चौकटीतून दुसरीत नेमकी जात होती. जमिनीची रेघ कुठेही तुटली नव्हती. गुडघ्याजवळ एक पांढरा गोल होता. माझा डाग, एका इमानदार पोराने मोजूनमापून मोठा केलेला. मी तिथेच जॅकेट काढलं आणि त्याला तोंड पुसलं.

परत गेलो. चहा आला. मी म्हटलं, "सर, मला माफ करा."

"तवा लय राग आला होता," सर म्हणाले. "तीन दिवस जेवण गेलं नाही. खोटं काऊन सांगू?"

"मग?"

"मंग एक दिवस पट्टी लावून पाह्यली." एवढं बोलून त्यांनी बशी ओठाला लावली. पुढे ते मला पुण्यातल्या कामाबद्दल विचारू लागले. मी म्हटलं, चित्रंच काढतो. त्यांनी विचारलं, पाठी काढतोस ना? मी हो म्हणालो. आंधळ्या माणसाशी खोटं बोललो. निघताना त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवला. "वाकून राह्यला तू," म्हणाले. "आता ध्यानात राहीन."

सर दिवाळीनंतर अमरावतीत वारले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. महिन्याभराने त्यांच्या मुलाने कुरिअरने एक गुंडाळी पाठवली, सोबत दोन ओळी: बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. वर्तमानपत्र सोडलं. घडीच्या दोन खुणा, बारा निळ्या रेघा, पांढरा डाग. मी बराच वेळ समोरून पाहत बसलो. मग सरांची सवय आठवली, आणि मी चित्र उलटं केलं.

मागे सरांच्या अक्षरात नावं होती. पहिली ओळ, सात नावं. दुसरी ओळ, सात नावं. अशी एकोणपन्नास. प्रत्येकापुढे तुकडी. आणि सगळ्यांच्या वर, एकटं, खाली पट्टीने अधोरेखित केलेलं एक नाव:

रेघा: प्रशांत, दहावी ब. एकही तिरपी नाही.

त्यांना माझं तोंड आठवत नव्हतं, आवाज आठवत नव्हता, बापाचं नाव आठवत नव्हतं. हे मात्र लिहून ठेवलं होतं, मी त्यांची गल्ली टाळत होतो तेव्हाच कधीतरी. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चांगला रडलो. बाहेर एका नगरसेवकाचा माणूस फ्लेक्ससाठी ताटकळत होता, त्याला थांबायला सांगितलं.

आता ते चित्र फ्रेम करून दुकानात लावलं आहे, तोंड भिंतीकडे आणि पाठ माझ्याकडे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी विचारतं, फ्रेम उलटी लागली आहे का. मी सांगतो, आमच्या सरांची पद्धत आहे.