तिसऱ्या आग्रहाची वाट

कोरड्या झायंदेरूद नदीला सात महिन्यांनी पाणी सोडलं आणि अख्खं इस्फहान ख्वाजू पुलाकडे लोटलं. रहमतुल्ला तांबटाची बायको तूरानही आली. गुडघ्यांना शिव्या घालत, चहाचा थर्मास कवटाळून आली. चाळीस वर्षं नवरा दर शुक्रवारी या पुलाखाली गायला पळत होता, पण तिनं त्याचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. घरी तो नुसता खाकरायचा.

"आज ऐकवतोच तुला," असं त्यानं सकाळी बजावलं होतं. त्यासाठी गुळगुळीत दाढी केली, दोन कच्ची अंडीही गिळली.

कमानीखाली मंडळी दाटीवाटीनं बसली. गालिचे रफू करणारा हशमत आगा म्हणाला, "उस्ताद, होऊन जाऊ द्या!"

"छे हो! माझा गळा म्हणजे फुटकी घागर. तुम्ही गा."

रीतच ती. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही, आणि तिसऱ्या आग्रहाला लाजत लाजत उठायचं.

"अहो, गा हो!"

"तुमच्यापुढे? मी तुमच्या पायाची धूळ!"

रहमतुल्लानं टोपी सरळ केली, श्वास भरून घेतला आणि तिसऱ्या आग्रहाची वाट पाहिली.

"बरं, एवढं म्हणताय तर..." असं म्हणून हशमत आगानं चक्क गायलाच सुरुवात केली!

रहमतुल्लाचा चेहरा पडला. तूरान त्याच्या कानाशी फणकारली, "एवढ्यासाठी मला पायऱ्या उतरायला लावल्यात? व्हा, आणखी नम्र व्हा!"

हशमत आगानं सूर मात्र भलताच उंच धरला होता. चढता चढता ऐन शिखरावर दम तुटला आणि ठसका लागला. पुलाखाली असं गाणं अर्ध्यात टाकत नाहीत. जवळ असेल त्यानं ते उचलायचं, तिथं आग्रहबिग्रह नाही.

रहमतुल्ला ताडकन उठला आणि त्यानं सूर झेलला. जन्मभर हातोडे ऐकलेला खरबरीत आवाज, पण कमानीला भिडला, घुमला, पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेला. एक जागा निसटली, दुसरी अशी बसली की ठसकणाऱ्या हशमत आगानंच पहिली दाद दिली, "जियो, उस्ताद!" सगळी कमान टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागली.

तूरान थर्मासमधून ओतत होती तो चहा पेल्यातून ओसंडला, तिच्या गावीही नव्हतं. तिनं शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसलं.

"माझा नवरा आहे तो! घरी तोंड उघडत नाही मेला, आणि इथं बघा!"