दीड मिनिटाचा विसावा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही. माय होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण गेल्या महिन्यापासून माझा संताप संताप होतोय. कुणावर, ते कळेलच.

लातूरला हल्ली सकाळी पळणाऱ्यांचा एक गट आहे. डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार, बायका-पोरी. रंगीत बूट, मनगटावर बोलणारी घड्याळं. त्यांनी गेल्या महिन्यात मला बोलावलं. नवा जिल्हा झाला तेव्हा त्याच्या नावानं मॅरेथॉन पळालेली पहिली बाई म्हणून शाल दिली, नारळ दिला. मग एका पोरीनं विचारलं, "मॅडम, इंटरव्हलच्या शेवटच्या फेऱ्यांना मन कसं घट्ट करायचं?"

आणि मी बोलले. भरपूर बोलले. शरीराच्या आधी मन थकतं, मनाला फसवायचं, फक्त पुढची फेरी बघायची, असलं सगळं. टाळ्या पडल्या. परत येताना रिक्षात ती शाल मला अंगावर सहन होईना. विसाव्याबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. इंटरव्हलमध्ये सगळा खेळ विसाव्याचा असतो. हे माझ्याइतकं कोण जाणतं?

जे पळत नाहीत त्यांना सांगते. चारशे मीटर जीव तोडून पळायचं. मग दीड मिनिट थांबायचं. मग पुन्हा चारशे. अशा दहा-बारा फेऱ्या. पहिल्या तीन मजेत जातात. चौथीला घशात लोखंडाची चव येते. सहावीला मांड्या आपल्या राहत नाहीत. आठवीला डोक्यात कुणीतरी भांडायला लागतं — थांब, कशाला करतेस, कोण बघतंय? त्या भांडणाला उत्तर द्यायला तुमच्याकडे असतं फक्त ते दीड मिनिट. गुडघ्यांवर हात, खाली मान, श्वास जागेवर येऊ द्यायचा. ते मिळालं तर पुढची फेरी निघते. त्यातली वीस-तीस सेकंदं कुणी काढून घेतली, तर आधी पाय जातात. मग मन. आणि ज्याचं मन जातं त्याला कळतही नाही की काही काढून घेतलंय. त्याला वाटतं, आपणच कमी आहोत.

त्या वेळी मी उदगीरला कॉलेजात होते. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झालेला. नवी कचेरी, नवे शिक्के, नव्या जागा. आणि वर दुष्काळ. आमच्या वर्गात सुजाता होती. तिचे वडील रेल्वेत गँगमन, घर भीमनगरात. पळणाऱ्या मुली कॉलेजात आम्ही दोघीच. एकटीला कुणी घराबाहेर सोडलं नसतं. "सुजाता हाय संगं," असं मी घरी सांगायचे, "मंगल हाय संगं," असं ती सांगायची. एकमेकींच्या जिवावरच आम्ही पळत होतो. हे ध्यानात ठेवा.

रस्त्यानं पळायची सोय नव्हती. सायकलवाले थांबून बघत, दात काढत. म्हणून आम्ही बिदर रस्त्याच्या तळ्यात जायचो. त्या साली तळं कसलं, नुसता तळ. मधे भेगा पडलेल्या, पण एका कडेनं गाळ न्यायला गाड्या फिरून फिरून माती सिमेंटसारखी बसली होती. चारी बाजूंनी उंच बांध. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नव्हतं.

नांदेडला मॅरेथॉन होणार होती. खेळाच्या सरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "लातूरच्या नावानं पहिल्यांदाच पोरगी उतरणार हाय. जागा एकच. दोघी तयारी करा, जिचा टाइम चांगला ती जाईल." दाखला मिळाला की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. सरावात दोघींनी एकमेकींशी शर्यत लावायची नाही, एकीनं पळायचं आणि दुसरीनं वेळ बघायची, असंही सरांनी बजावलं. मग त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. माझ्याच का? आमचं रान होतं, वडील गावात चार लोकांत बसणारे. सरांना प्रश्न पडला नाही. मलाही नाही. सुजाताला पडला असेल.

पहिली पाळी माझी असायची. मी घड्याळ तिच्या हातात द्यायचे. ती मला माझं दीड मिनिट सगळं द्यायची, शेवटच्या सेकंदापर्यंत. मी उठायला लागले तर खांदा दाबून म्हणायची, "बस की गं, अजून हाय टाइम." पाठ चोळायची. आठव्या फेरीला मी रडकुंडीला यायचे, तर सोबत पन्नास पावलं पळून मला काढून द्यायची.

आणि मग तिची पाळी. ती पळायला लागली की मला दिसायचं. कसं सांगू? मी पळायचे म्हणजे अंगावर ओझं घेऊन डोंगर चढल्यासारखी. ती जमिनीला पाय लावतेय की नाही असं वाटायचं. आणि ही पोरगी पहाटे हातपंपावर नंबर लावून, दोन घागरी घरी टाकून मग तळ्यावर आलेली असायची! आमच्या विहिरीला तेव्हाही पाणी होतं. मी झोपून उठून, गूळ-शेंगदाणे खाऊन यायचे. तरी ती पुढे.

सराव झाला की आम्ही आमच्या रानातून परतायचो. माय पाणी द्यायची. मला तांब्या. सुजाताला वरून, ओंजळीत. ती ओंजळीनं प्यायची, तोंड पुसायची, "येते काकू" म्हणायची. मी शेजारी तांब्या धरून उभी. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. खोटं आहे. जिच्या हाती आमच्या घरचा तांब्या जात नाही, ती माझ्या पुढे पळते, हे मला खुपत होतं. तेव्हा मी ते शब्दांत बोलले नसते. पण हाताला ते बरोबर कळलं होतं.

हातानं काय केलं, तेच सांगायचंय ना? किती वळसे घेतेय बघा. इतक्या वर्षांनीही.

मी तिचा विसावा कापला.

एक दिवस सर तळ्याच्या बांधावर येऊन बघून गेले. जाताना माझ्यासमोरच तिला म्हणाले, "तू नांदेड गाठशील." दुसऱ्या दिवशी ती सहावी फेरी मारून आली, गुडघ्यांवर वाकली. मी घड्याळाकडे बघितलं. सव्वा मिनिट झालं होतं. मी म्हणाले, "चल, झाला टाइम." ती गेली. काहीच झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एका मिनिटाला उठवायला लागले. मग त्याच्याही आत. पहिल्या दोन-तीन फेऱ्या सोडून द्यायचे, तिला संशय येऊ नये म्हणून. एवढा हिशेब होता मला! चुकून झालं असं कुणी म्हणू नका.

ती ढासळायला लागली. आधी शेवटच्या फेऱ्या हळू झाल्या, मग मधल्या. एकदाच तिनं वर बघून विचारलं, "एवढ्यात? आत्ता तर बसले."

मी म्हणाले, "घड्याळ खोटं बोलायलंय का मग?"

ती ओशाळली. खरंच ओशाळली हो. "न्हाई गं, मलाच लई दम लागायलाय," म्हणाली आणि उठली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. तिच्या मनावर मी घाव घातला तो तिथं. थकलेल्या माणसाला स्वतःच्या श्वासावर तरी विश्वास असतो. मी तोही काढून घेतला.

एका सकाळी नवव्या फेरीनंतर ती कडेला जाऊन ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी. मी तिचं डोकं धरलं. केस मागं केले. मैत्रीण म्हणून जे करायचं ते सगळं केलं. मग म्हणाले, "तीन राहिल्यात." आणि ती पळाली. तिन्ही. भिंत धरून चालल्यासारखी, हात हवेत लांब करून. ते बघताना मला काय वाटलं? लाज वाटली म्हणाले तर तुम्हाला मी बरी वाटेन. मला बरं वाटलं. जिंकतेय असं वाटलं.

मला स्वतःचा राग येतो तो इथं. आणि सरांचा, ज्यांनी एकदाही विचारलं नाही की चढती पोरगी अशी अचानक का उतरली. त्यांनी तिला बोलावून एवढंच सांगितलं, "तुझा पल्ला लांबचा न्हाई. छोट्या शर्यती कर." मायचा येतो. पण माय तळ्यात नव्हती. सर तळ्यात नव्हते. घड्याळ माझ्या हातात होतं.

निवड व्हायच्या आधी सुजाता स्वतः सरांकडे गेली. मी दाराबाहेर उभी होते. ती म्हणाली, "सर, मंगललाच पाठवा. तिचा टाइम चांगला हाय. माझ्यात कायतरी कमी हाय." सरांनी यादीतून नाव काढलं. बाहेर येऊन तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चांगलं पळ बरं का. नाव काढ."

मी नांदेडला पळाले. शर्यतीआधी, सुजाता सुटल्यावर, तळ्यावर एकटी कशी जाणार, म्हणून थोरला भाऊ सायकल घेऊन सोबत यायचा. शर्यतीत मी मधल्या घोळक्यात कुठेतरी आले. जिंकले नाही, पण शेवटपर्यंत गेले. तेवढं पुरलं. लातूरच्या नावानं दाखला मिळाला, दाखल्यावर नोकरी. नोकरीवर घर, मुलीचं शिक्षण, आता पेन्शन. सुजातानं पळणं सोडलं. परीक्षा झाल्यावर तिचं लग्न झालं, देगलूरला गेली.

इथं थांबले असते तरी मी वाईटच. पण गोष्ट इथं थांबत नाही.

बरीच वर्षं गेल्यावर नांदेडच्या बसस्टँडवर हाक आली, "मंगल! ए मंगल!" सुजाता. जाड झालेली, केस थोडे पांढरे, तेच हसू. देगलूरला अंगणवाडीत होती. सोबत तिची मुलगी, नववी-दहावीतली. काटक, लांब पायांची. उभी राहायची पद्धतसुद्धा आईची.

सुजाता तिला कौतुकानं सांगायला लागली, "हीच ती मंगलमावशी. नांदेडला मॅरेथॉन पळाली. आम्ही दोघी संगंच सराव करायचो. पण हिचा दम म्हणजे दम! मी आठ-नऊ फेऱ्यांत गार व्हायचे."

मी हसले. काय करणार दुसरं? करता आलं असतं, हे मला माहीत आहे.

मग ती म्हणाली, "आता हिलाही तेच याड लागलंय. शाळेत पहिली येती. सर म्हणतेत जिल्ह्याला पाठवा, होस्टेलला ठेवा, लांबच्या शर्यतीची तयारी करून घेऊ. मी म्हणते, कशाला? आपल्या रक्तातच तो दम न्हाई. मी भोगलंय ते. जीव जाईस्तोवर पळायचं आणि शेवटी मधेच बसायचं. त्यापरीस गप शिकावं."

ती हे चिडून बोलली नाही. शांतपणे, लेकीच्या भल्यासाठी बोलत होती. मी तळ्यात सांगितलेलं खोटं तिनं खरं मानून आयुष्यभर सांभाळलं होतं, आणि आता ते लेकीला देत होती.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, ही पळालेली बाई आहे, ही आपली बाजू घेईल. म्हणाली, "मावशी, तुम्ही तर सांगा ना आईला."

एक वाक्य पुरलं असतं. सुजा, तुझ्यात काही कमी नव्हतं, मी घड्याळ खोटं सांगत होते. एवढंच. तिथं माझी नोकरी जाणार नव्हती, कुणी मारणार नव्हतं. फार तर तिनं थोबाडीत दिली असती. स्टँडवर चार माणसांनी बघितलं असतं. एवढ्याला मी भ्याले.

देगलूरची गाडी लागली. लोक धावले. सुजातानं पिशव्या उचलल्या. पोरगी तशीच उभी, माझ्या उत्तरासाठी.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आईचं ऐकावं बाळा. आईला माहीत असतं."

तिनं मान हलवली आणि गाडीत चढली.