मी आठची नाहीच

दातांच्या डॉक्टरीणबाईंना सरकारी इस्पितळात बावीस वर्षं झाली होती. लोकांना ‘आ करा’ म्हणण्यातच जन्म गेला, असं त्या हसत सांगायच्या. पण बालगृहातलं मूल आलं, की थट्टा बंद.

त्या दिवशी बालगृहाच्या मावशी एका मुलीला घेऊन आल्या. अंगाने नुसती काडी. कागदावर वय आठ, तेही अंदाजपंचे लिहिलेलं.

"बाई, हिचं खरं वय एकदा सांगून टाका," मावशी दारातूनच म्हणाल्या. "पोरगी धादांत खोटं बोलते. म्हणे, हिची धाकटी बहीण हरवलीय आणि तिला जन्मापासून हिनेच सांभाळलं. बहीण म्हणे सहाची, ही आठची! दोन वर्षांची असताना हिने तिला कडेवर घेतलं?"

"मी आठची नाहीच," मुलगी पुटपुटली.

तिने तोंड उघडलं आणि बाईंच्या भुवया वर गेल्या. आठव्या वर्षी जिथे दुधाच्या दाढा असायच्या, तिथे कायमच्या आलेल्या. बाईंनी एक्स-रे काढून उजेडावर धरला. मागच्या दाढा अजून हिरडीत होत्या, मुळं अर्धवट वाढलेली. कोणत्या वयात कोणते दात येतात त्या तक्त्यातल्या चित्रांशी त्यांनी एकेक दात ताडून पाहिला.

"दहा ते बारा. बहुधा अकरा."

"एवढीशी ही, आणि अकरा?"

"पोटाला मिळालं नाही की उंची खुंटते. दात सहसा तेवढे मागे पडत नाहीत."

"नक्की आकडा द्या ना. साहेब विचारतील."

"दातांवर तारीख छापलेली नसते हो."

मावशी स्टुलावर टेकल्या. जरा वेळाने त्यांनी मुलीला विचारलं, "बहिणीचं नाव काय गं?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मुलीने नाव सांगितलं, कानामागचा डागही सांगितला.

बाईंनी अहवालाखाली एक ओळ जादा लिहिली: बहिणीबद्दल मुलगी जे सांगते, ते या वयाला अशक्य नाही. बालगृहाचे साहेब चिडले. "दातांच्या डॉक्टरने दातांपुरतं बोलावं!" बाईंनी ओळ खोडली नाही.

त्या ओळीच्या आधारे बहिणीचा शोध सुरू झाला. चार महिन्यांनी मावशींचा फोन आला. धाकटी दुसऱ्या शहरातल्या बालगृहात सापडली होती. आता दोघी एकाच खोलीत राहत होत्या आणि पांघरुणावरून रोज भांडत होत्या.

बाईंनी भेटींची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मंगळवारी धाकटीलाही आणा. तिच्याही कागदावर काय लिहिलंय, बघायला हवं."