दातातली खाच

नोकरीतले बरेच तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हेही आठवत नाही. डहाणूच्या पूर्वेला डोंगरउतारावर सापडलेल्या त्या हाडांचा तपास मात्र वेगळा राहिला आहे. साल २०१६. मी तेव्हा डहाणू तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

पावसाळा संपल्यावर गवत कापायला गेलेल्या बायकांना ओहोळाच्या कडेला सांगाडा दिसला. आम्ही पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. मृत्यू पावसाच्या आधीचा असावा. कवटी, हाडं आणि निळ्या चौकटीच्या शर्टाचा तुकडा, एवढंच हाती लागलं. ओळख पटेल असं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या नरपड गावाहून एक मावशी ठाण्यात आल्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर कामाला जातो म्हणून उन्हाळ्यात घरातून निघाला होता. बोटीवर तो पोहोचलाच नव्हता. त्यांनी शर्टाचा तुकडा हातात घेतला.

"माझ्या पोराचा आहे, साहेब. आता मला त्याला घरी नेऊ द्या."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. एक हरवलेला आणि एक बेवारस, दोन्ही कागद एका सहीत मिटत होते. हाडांच्या ताब्याची पावती तयार करायला मी हवालदारांना सांगितलंसुद्धा. तसे शर्ट बाजारात ढिगानं मिळतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण थकलेला माणूस सोपं उत्तर फार उलटसुलट करून बघत नाही.

अडवलं ते सरकारी रुग्णालयातल्या दंतवैद्य बाईंनी. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी कवटी त्यांना दाखवली होती.

"हा माणूस तिशीच्या पुढचा आहे," त्या म्हणाल्या. "अक्कलदाढा पूर्ण आलेल्या आहेत आणि झिजल्याही आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाचं हे तोंड नाही. उजवीकडची खालची दाढ फार पूर्वी काढलेली आहे, हाड भरून आलंय. आणि हे बघा." वरच्या पुढच्या एका दाताच्या कडेला बारीक खाच होती. "वर्षानुवर्षं काहीतरी दातात धरून ओढत होता. हे बाहेर कुणाला सांगू नका. घरच्यांच्या तोंडून आपणहून आलं, तरच त्याला अर्थ."

मावशींना पुन्हा बोलावलं. मुलाचे सगळे दात शाबूत होते, घर सोडायच्या आधी अक्कलदाढ येत असल्यानं त्याचा गाल सुजला होता, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात आमच्या हवालदारांच्या तोंडून गेलं, "पुढच्या दातात खाच होती का?"

मावशींनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "होती. होती ना, साहेब. तुम्ही म्हणाल ते होतं. पण मला द्या त्याला."

तो जबाब मी लिहून घेतला नाही.

पुढे आठवडाभर काही हाताला लागलं नाही. मग महामार्गावरच्या चारोटी नाक्यावर एका चहावाल्यानं आमच्या शिपायाला सांगितलं, "तलासरीकडची एक बाई दर दोन-चार दिवसांनी इथं येते. ट्रकवाल्यांना नवऱ्याचा फोटो दाखवत फिरते."

तिची तक्रार शेजारच्या ठाण्यात चार महिन्यांपासून नोंदलेली होती. आम्ही कुणी ती आमच्या सांगाड्याशी ताडून पाहिली नव्हती. तिचा नवरा शेतीबरोबर टोपल्या विणायचा आणि उन्हाळ्यात खडीच्या खाणीवर मजुरीला जायचा. "तो चारोटीला उतरला आणि गुजरातच्या ट्रकात बसला," असं खाणीवरच्या मुकादमानं तिला सांगितलं होतं. म्हणून ती चारोटीला उभी राहायची.

दंतवैद्य बाईंनी तिला समोर बसवलं. "नवरा जेवायचा कसा?"

"डाव्या अंगानं. उजवीकडची दाढ काढलेली त्याची."

"आणि हसायचा कसा?"

ती जराशी हसली. "तोंडावर हात ठेवून. टोपली विणताना बांबूची पट्टी दातात धरायचा, तर दातात खाच पडलेली. मीच चिडवायची त्याला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. बाईला कळलं. तिनं फोटो पदराखाली घेतला आणि विचारलं, "कुठं होता तो?"

मुकादमाला मी बोलावून घेतलं. तीनदा विचारलं, तीनदा त्यानं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, काहीतरी नवीन आठवतं त्याला. पाठ केलेलं मात्र बदलत नाही. मग मी फोटो टेबलावर ठेवला. "तो सापडलाय. ओळखही पटली आहे. कुठला ट्रक, ते आता मला सांगू नकोस."

त्यानं पाणी मागितलं. "वरून दगड सुटला, साहेब. टेम्पोत घातला तेव्हा श्वास चालू होता. दवाखान्याकडेच निघालो होतो. वाटेत गेला. मी घाबरलो, ओहोळाच्या कडेला टाकून आलो."

गुन्हा दाखल झाला. सांगाड्याची दाढ आणि त्या बाईच्या मुलाच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. काही महिन्यांनी आलेल्या अहवालानं बाईचं म्हणणं खरं ठरवलं. बाई हाडं घेऊन आपल्या पाड्यावर गेली. नाक्यावर उभं राहणं संपलं.

नरपडला मी स्वतः गेलो. मावशी अंगणात मासळी सुकत घालत होत्या. सांगाडा तुमच्या मुलाचा नाही, हे मी सांगितलं. हातातली मासळी त्यांनी दोरीवर टाकली. मग म्हणाल्या, "त्या बाईला मिळाला ना तिचा माणूस? बरं झालं."

सोबत आलेल्या डॉक्टरबाईंनी मुलाच्या दातांबद्दल सगळं विचारून लिहून घेतलं. पुढे कुठल्याही किनाऱ्यावर काही सापडलं, तर ताडून पाहता यावं म्हणून. मावशी तासभर बोलत होत्या. इतक्या महिन्यांत त्यांच्या मुलाविषयी इतकं कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्यानंतर हरवलेल्याची तक्रार घेताना उंची, रंग, कपडे यांच्याखाली दातांची माहिती लिहायची, असं मी माझ्या ठाण्यात लावून दिलं. माझ्या बदलीनंतर ते कुणी पाळलं की नाही, माहीत नाही. बेवारस म्हणजे ज्याचं कुणी नाही, असं मी तोवर समजत होतो. त्याचं माणूस कुठेतरी उभं असतं, आपणच तिथवर गेलेले नसतो. नरपडच्या मुलाचा शोध मी निवृत्त होईपर्यंत लागला नव्हता.